दात गेला, आता स्क्रू बसवायचा का?

मागच्या अंकात रूट कॅनालबद्दल लिहिताना शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती, की दात वाचण्यापलीकडे गेला असेल तर काय करायचं ते पुढच्या खेपेला बघू. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी अख्ख्या लेखावर आली नाहीत. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवून त्यावर कॅप, म्हणजे नवा दात, चढवायचा. गंमत म्हणजे बहुतेकांनी 'इम्प्लांट करू का' असं विचारलेलंच नाही. 'कुठल्या कंपनीचं करू' आणि 'एवढ्याला सांगतायत, ठीक आहे का' असे प्रश्न आहेत. म्हणजे करायचं हे ठरलंय, भाव तेवढा राहिलाय. मी इंदूरच्याच सरकारी डेंटल कॉलेजात शिकले, इथेच रामबागेच्या बाजूला दवाखाना चालवते, स्वतः इम्प्लांट बसवते. तरी सांगते, कंपनी आणि भाव हे यातले सगळ्यात शेवटचे प्रश्न. आधी हाड, हिरडी आणि तुमच्या सवयी. पत्रं थोडी कापून छापते आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : वय ५६. खालची डावीकडची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. एक डॉक्टर म्हणतात ब्रिज करा, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून त्यांच्या आधाराने मधे खोटा दात, पण त्यासाठी ते दोन दात घासावे लागतील. दुसरे म्हणतात इम्प्लांट करा, खर्च बराच जास्त. शेजारचे दात अगदी धडधाकट आहेत. मिस्टर म्हणतात, एका दाढेवाचून काय अडलंय? काय करू?
— एक गृहिणी, सुदामा नगर

आधी मिस्टरांना उत्तर देते, कारण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सगळ्यात मागची दाढ गेली असती आणि बाकीच्या दातांवर चावणं नीट चालू असतं, तर मीही 'राहू द्या तशीच' म्हटलं असतं. असं मी पुष्कळांना सांगते आणि ते नाराज होऊन जातात. पण तुमच्या एक्स-रेच्या फोटोत दिसतेय ती पहिली मोठी दाढ, मुलांना सहाव्या वर्षी येते ती. चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. ती गेली की मागची दाढ पुढे कलायला लागते, वरच्या दाढेला खाली कुणी टेकायला नाही म्हणून ती खाली उतरायला लागते, आणि रोज सकाळी पोह्यांवरची शेव त्या फटीत जाऊन बसते. दोन वर्षांत यातलं थोडंफार झालंच असेल. अजून दोन वर्षं गेली तर जागाच कमी पडेल, मग ब्रिजही धड नाही आणि इम्प्लांटही धड नाही.

आता ब्रिज. ब्रिज वाईट, असं आजकाल कुणी सांगत असेल तर त्यांचं ऐकू नका. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असती किंवा मोठाले मसाले भरलेले असते, तर मी तुम्हाला ब्रिजच सांगितला असता. आठ-दहा दिवसांत काम संपलं असतं. पण ब्रिजसाठी दात चारही बाजूंनी आणि वरून दीड-दोन मिलिमीटर घासावा लागतो, आणि दातावरचं ते कठीण कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही. धडधाकट दाताचं असं करायला माझा हात धजत नाही. शिवाय ब्रिजच्या खाली, मधल्या रिकाम्या जागेतलं हाड झिजतच राहतं. तेव्हा तुमच्या बाबतीत इम्प्लांटवाल्या डॉक्टरांच्या बाजूने माझं मत.

पण एका अटीवर. हाड पुरेसं असलं पाहिजे. दात काढल्यावर हाड लगेच आक्रसायला लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातलाही बराचसा भाग पहिल्या तीन-चार महिन्यांतच जातो. तुमची दोन वर्षं होऊन गेली आहेत. साध्या एक्स-रेत उंची कळते, रुंदी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा, जबडा सगळ्या बाजूंनी दाखवणारा स्कॅन करावा लागतो. त्यात आम्ही आणखी एक गोष्ट बघतो. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. स्क्रूचं टोक आणि ती नस यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर राहिलंच पाहिजे, नाहीतर ओठ बधिर राहण्याची भीती. जो डॉक्टर खालच्या दाढेच्या जागी हे न मोजता हात घालायला निघाला असेल, त्याच्याकडून उठून या.

ऑपरेशनचं नाव काढलं की सगळे घाबरतात, म्हणून ते कसं होतं तेही सांगते. दात काढताना देतात तसंच इंजेक्शन. हिरडीला छोटा छेद. मग आधी दोनेक मिलिमीटरचं बारीक ड्रिल, त्यानंतर टप्प्याटप्प्याने जाड. पूर्ण वेळ त्यावर गार सलाइनची धार सोडलेली असते. कारण हाड ४७ अंशांपर्यंत तापून मिनिटभर तसंच राहिलं की तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडाला स्क्रू धरत नाही. म्हणून आम्ही थांबत थांबत, जरा चालवून जरा बाहेर काढून, असं काम करतो. पेशंटला वाटतं डॉक्टर चाचपडतायत. चाचपडत नसतात, हाड गार ठेवत असतात. शेवटी साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब असा टायटॅनियमचा स्क्रू हाताने, मोजपट्टी असलेल्या पान्याने आवळायचा. पान्यावर ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या (स्क्रू किती घट्ट बसला त्याचं माप) आसपास आकडा आला की आमचा जीव भांड्यात पडतो. एका दाढेला पाऊण-एक तास, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी थोडी सूज, एवढंच.

त्यानंतर खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा महिने थांबायचं. वरचं हाड भुसभुशीत म्हणून जास्त वेळ. या काळात हाड स्क्रूच्या अंगाला थेट चिकटून वाढतं. हे कळलं तेसुद्धा दुसरंच काही शोधताना. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडनचे संशोधक १९५२ साली सशाच्या पायात टायटॅनियमची बारीक नळी बसवून हाडातला रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपला, नळी महाग, म्हणून काढायला गेले तर निघेचना. १९६५ साली त्यांनी ग्योस्टा लार्सन नावाच्या पेशंटच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते त्यांच्यावर जेवत होते.

खर्चाचं म्हणाल तर आपल्याकडे एका दातामागे कॅपसकट पंचवीस-तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत काहीही सांगतात. विचारताना 'कॅप धरून का' आणि 'स्कॅन धरून का' हे दोन प्रश्न विसरू नका. पुष्कळ ठिकाणी स्वस्त आकडा नुसत्या स्क्रूचा असतो.

प्रश्न : मी व्यापारी, वय ४४. तीन दाढा गेल्या आहेत, तिन्ही जागी पक्के दात हवेत. पैशांची अडचण नाही. डायबेटिस आहे. पंधरा-सोळा वर्षं पान-मसाला खातो, तंबाखू मात्र नाही. तोंड जरा कमी उघडतं, तिखट लागतं. बाकी काही त्रास नाही.
— सियागंज

भाऊ, तुम्ही 'बाकी काही त्रास नाही' लिहिलंय, आणि मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याच्या आधीच्या वाक्याची वाटते.

हे वाचताय तिथेच एक करून बघा. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकत्र, उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. जातात? दोनच गेली तर तुमच्या गालाची आतली कातडी सुपारीने आखडत चालली आहे. तंबाखू नाही म्हणून बिनधास्त राहू नका. हे काम एकटी सुपारी करते, आणि हा आजार पुढे कॅन्सरकडे वळू शकतो. तिखट झोंबणं हीच त्याची सुरुवात असते. दोन बोटं जाणाऱ्या तोंडात मागच्या दाढेपर्यंत माझं ड्रिल पोचतच नाही, तेव्हा पैशांची अडचण नसूनही उपयोग नाही.

आधी या आठवड्यात एम.वाय. हॉस्पिटलच्या आवारातल्या डेंटल कॉलेजात किंवा कुणाही तोंडाच्या तज्ज्ञाकडे जाऊन गालाची आतली बाजू दाखवा. पान-मसाला आजच बंद. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आसपास आली की मी इम्प्लांटचं बोलते. नऊ-दहा असेल तर जखम भरायला वेळ लागतो, जंतू माजतात, स्क्रू सुटतो. डायबेटिस आहे म्हणून इम्प्लांट होत नाही, असं मात्र मुळीच नाही. ताब्यात असलेला डायबेटिस मला चालतो. तोवर चावण्यासाठी काढता-घालता येणारे तीन दात करून घ्या, स्वस्तात होतात.

आणि हो, हे वाचून जे सिगरेटवाले मनात हसत असतील त्यांनाही सांगते. सिगरेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असतं.

प्रश्न : मी पुण्यात असते, बाबा लोकमान्य नगरात. वय ७४. वरची-खालची पूर्ण कवळी आहे. वरची ठीक, पण खालची बोलताना-जेवताना उडते. बाहेर जेवायला जाणं त्यांनी बंद केलंय; सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन तळलेला गराडू कंद खाणारा माणूस आता वरण-भात कालवून खातो. गावात 'तीन दिवसांत पक्के दात'चे बोर्ड बघून त्यांनी चौकशी केली, साडेतीन लाख सांगितले. त्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट पडला आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. करावं का?
— एक मुलगी

बाबांचा दोष नाही आणि कवळी करणाऱ्याचाही बहुधा नाही. वरची कवळी टाळूला चिकटून धरते. खालच्या कवळीला धरायला टाळू नाही, मधे जीभ सारखी ढकलायला, आणि वर्षानुवर्षं झिजून हाडाची जेमतेम कड उरलेली. उत्तम बसलेल्या कवळीतसुद्धा चावण्याची ताकद मूळच्या दातांच्या पाव हिस्सा असते. गराडूला ती पुरत नाही.

पण यावर साडेतीन लाखांचा उपायच हवा असं नाही. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, साधारण दोन्ही सुळ्यांच्या जागी, दोनच इम्प्लांट बसवायचे आणि कवळीच्या आतून त्यांना बटणं लावायची. कवळी वरून दाबली की ब्लाउजच्या टिचबटणासारखी टक्कन बसते, रात्री काढून धुता येते. त्या भागातलं हाड म्हातारपणीही बरंच शाबूत आणि घट्ट असतं, नसेची भीती कमी, ऑपरेशन छोटं. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी असं म्हटलं होतं, आणि मला आजही त्यात काही बदलावंसं वाटत नाही. बाबांची सध्याची कवळी चांगल्या अवस्थेत असेल तर तिलाच बटणं बसतात, नवी करावी लागत नाही. खर्च तुम्हाला सांगितलेल्या आकड्याच्या बऱ्याच खाली राहील. बटणातलं नायलॉन वर्षा-दोन वर्षांत झिजतं, ते बदलून घ्यायचं, पाच मिनिटांचं काम.

आता ते बोर्ड. यात सगळंच थोतांड नाही. चार स्क्रूंवर, मागचे दोन तिरके घालून, अख्खी खालची ओळ बसवायची पद्धत खरी आहे, जगभर चालते, आणि हाड भक्कम असेल तर दोन-तीन दिवसांत दात लावूनही देता येतात. फक्त ते दात तात्पुरते असतात. हाड धरेपर्यंत काही महिने मऊ खायचं आणि मग पक्के दात वेगळे करायचे. बोर्डावर ही दुसरी गोष्ट लिहिलेली नसते. चौकशीला गेलात तर एवढंच विचारा: हे दात कायमचे की तात्पुरते, कायमचे कधी आणि त्याचे पैसे यातच का, आणि यातला एखादा स्क्रू सुटला तर काय करणार. उत्तर देताना समोरचा माणूस गडबडला की समजायचं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. बाबांना दातच नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा प्रश्न नाही, पण माझ्याकडे साठीतली अशी माणसं येतात ज्यांना 'पॅकेज'साठी आठ-दहा चांगले, न हलणारे दात काढायला सांगितलेलं असतं. कारण काय, तर मधे मधे दात ठेवून पूर्ण ओळ बसवता येत नाही. हिरड्यांचा आजार फार पुढे गेला असेल, दात खुळखुळत असतील, तर काढावेच लागतात. पण घट्ट दात उपटून तिथे स्क्रू पिळणं याला मी उपचार म्हणत नाही. असा सल्ला मिळाला की दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय एकही दात काढू देऊ नका. काढलेला दात परत मिळत नाही आणि घाई फक्त काढणाऱ्याला असते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या बाबांनी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. हे मी ठळक अक्षरात छापायला सांगणार होते. तोंडातलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती माझ्या हाताबाहेरची गोष्ट. दोन इम्प्लांटसाठी बहुतेक वेळा गोळ्या चालूच ठेवतात. तरी बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी आणा, त्याशिवाय चांगला डेंटिस्ट हात लावणार नाही.

प्रश्न : वय ६७, हाडं ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेते. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात इम्प्लांट ठरलंय.
— आजी, तिलक नगर

आजी, उद्याच फोन करून सांगा. ठिसूळ हाडांची इंजेक्शनं आणि आठवड्याच्या गोळ्या हाडाची रोजची मोडतोड-दुरुस्ती मंदावतात. त्यामुळे क्वचित कुणाला दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचं हाड उघडं पडून भरतच नाही. तुमच्यासारख्यांत हा धोका थोडा आहे, कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत बराच जास्त. म्हणजे तुमचं इम्प्लांट होणारच नाही असं नाही, पण दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून वेळ ठरवायला हवी. आणि दातांसाठी म्हणून इंजेक्शन परस्पर चुकवू नका. सहा महिन्यांनी पोटात टोचून घ्यायचं जे डेनोसुमॅब असतं, ते मधेच सोडलं तर पाठीचे मणके दबण्याची भीती असते.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा. क्रिकेट खेळताना बॉल लागून वरचा पुढचा दात मुळासकट पडला, तो सापडलाच नाही. शाळेत मुलं चिडवतात. लगेच इम्प्लांट करून मिळेल का?
— एक आई, राजेंद्र नगर

नाही, वहिनी. मिळत असेल तरी घेऊ नका. मुलाचा जबडा अजून वाढतोय. वाढताना आपले दात हाडाबरोबर खाली सरकत जातात, स्क्रू मात्र हाडात जिथे बसला तिथेच राहतो. तीन-चार वर्षांत बाकीचे दात खाली आणि तो एक वर अडकल्यासारखा दिसेल, आणि मग तो काढणं म्हणजे आणखी एक ऑपरेशन. मुलांच्या बाबतीत वाढ थांबली याची खात्री झाल्यावरच, अठरा-एकोणीसच्या पुढे, तेही बघून.

तोवर चिडवणं थांबवायचा सोपा उपाय आहे. शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला पंख चिकटवून बसणारा दात मिळतो. दात घासावे लागत नाहीत, समोरून काही दिसत नाही. त्याने कणीस आणि ऊस पुढच्या दातांनी तोडायचे नाहीत, एवढं पथ्य.

बाकीच्या आयांसाठी: असा दात पडला आणि सापडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका, घासू नका. मळला असेल तर नळाखाली क्षणभर धरा आणि जमलं तर तिथल्या तिथे त्याच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर गार दुधात टाकून अर्ध्या-एक तासात डेंटिस्टकडे. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही. यात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी दात कागदात किंवा रुमालात गुंडाळून, वाळवून आणलेला असतो.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी इम्प्लांट केलं. दुखत अजिबात नाही. पण ब्रश करताना तिथून रक्त येतं आणि वास येतो. केलं तेव्हा 'आता कीड लागायची भीतीच नाही' असं सांगितलं होतं.
— निवृत्त शिक्षिका, वैशाली नगर

बाई, कीड लागत नाही हे खरंच आहे, टायटॅनियमला कसली कीड. पण हिरडीचा आजार लागतो, आणि तो खऱ्या दातापेक्षा इथे जास्त वेगाने खाली उतरतो. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे आडवे रुतलेले असतात, जंतूंना अडवतात. इम्प्लांटभोवती ते धागे नुसते कडेने उभे असतात. आत नस नाही, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस येत नाही. येतो तेव्हा अर्धं हाड गेलेलं असतं.

एक्स-रे काढून घ्या, बसवला तेव्हाच्या एक्स-रेशी ताडून बघा. हाड शाबूत असेल तर खोलवर सफाईने हे आटोक्यात येतं. कधी कधी कॅप चिकटवताना वापरलेलं सिमेंट हिरडीखाली राहिलेलं असतं आणि सगळा त्रास त्याचाच असतो. हाड गेलं असेल तर हिरडी उघडून साफ करावं लागतं. कॅप हलत असेल तर लगेच घाबरू नका. पुष्कळदा आतला बारीक स्क्रू ढिला झालेला असतो, तो आवळला की झालं. मुळातला इम्प्लांटच हलत असेल तर मात्र तो गेला.

तुमची साफसफाई कशी चालते ते पत्रात नाही, पण अंदाज करते: ब्रश दोन वेळा आणि जेवणानंतर काडी. आपल्या बायकांची ती बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन असते, तीही तोंडात जाते. काडी नको, पिन तर नकोच. केमिस्टकडे बाटली धुवायच्या ब्रशचं पिटुकलं रूप मिळतं, इंटरडेंटल ब्रश म्हणून. तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला घ्या. तो इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी, हिरडीला चिकटून, आत-बाहेर असा रोज रात्री फिरवा. पहिले काही दिवस रक्त येईल, म्हणून थांबवू नका. आणि वर्षातून एकदा एक्स-रे, काही होत नसलं तरी.

थोडक्यात

*एमआरआय चालतो का?* चालतो. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. तोंडाच्या आसपासचं चित्र थोडं पुसट येतं, म्हणून आधी सांगून ठेवा.

*भातातला खडा इम्प्लांटला कळतो का?* खऱ्या दाताइतका नाही. दात आणि हाड यांच्यामध्ये असणारी, दाब ओळखणारी पातळ गादी इथे नसते. म्हणून इम्प्लांटवाल्यांनी सुपारी फोडायची नाही. कॅपचा टवका आधी उडतो, कळतं नंतर.

*मेडिक्लेममध्ये पैसे मिळतात का?* अपघातात दात गेला आणि दाखल व्हावं लागलं तर बघायला हरकत नाही, एरवी सहसा नाही. पॉलिसी वाचा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, दरवर्षी डिसेंबरात तीन आठवडे येतो. तिकडे एका इम्प्लांटचे चार हजार डॉलर सांगितलेत. इथे करून घेईन म्हणतोय. तीन आठवड्यांत होईल का? आणि कंपनी कुठली सांगू?
— काका, नारायण बाग

काका, तीन आठवड्यांत निम्मं होईल. या डिसेंबरात स्क्रू, पुढच्या डिसेंबरात कॅप. मधलं वर्षभर स्क्रू हिरडीखाली पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही, शेजारचे दात सरकू नयेत म्हणून रात्री घालायची एक पारदर्शक पट्टी करून देऊ. पण आल्या दिवशीच स्कॅन झाला पाहिजे. परत जायच्या दोन दिवस आधी येणारे खूप असतात, त्यांचं मी करत नाही. टाके काढायला आणि काही झालं तर बघायला निदान दहा-बारा दिवस हातात हवेत. हाड कमी निघालं आणि भर घालावी लागली तर मग तीन डिसेंबर धरा.

कंपनीबद्दल. स्विस, स्वीडिश, कोरियन, भारतीय, सगळी मिळतात आणि नीट बसवली तर सगळी टिकतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी एकच बघेन: तो राहतो त्या गावातल्या डॉक्टरकडे त्या कंपनीचं सामान असेल का. प्रत्येक कंपनीचा आतला स्क्रू वेगळा, तो फिरवायचा पाना वेगळा. तिकडे कॅप ढिली झाली आणि पाना नसला तर डॉक्टर कितीही हुशार असो, हात बांधलेलेच. स्ट्रॉमन, नोबेल किंवा ऑस्टेम यांतलं काही असेल तर तिकडे अडचण येऊ नये.

आणि बसवल्या दिवशीच एक गोष्ट मागून घ्यायची. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी-लांबी आणि लॉट नंबर छापलेला असतो. तो स्टिकर चिकटवलेलं कार्ड पेशंटला द्यायचं असतं. दिलं नाही तर मागा, 'नंतर देतो' म्हणाले तर तिथेच बसून राहा. कार्ड तुमच्या कपाटात नको, मुलाच्या पाकिटात, आणि त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये.